भिंत थंड आहे

"थंड आहे," शेडमास्तर म्हणाले.

"आत्ता तर गाळला," स्वयंपाकघरातून मास्तरीणबाईंचा आवाज आला. "इतक्यात कसा थंड होईल?"

"चहा नाही. भिंत."

मास्तरीणबाई कप घेऊन बाहेर निघाल्या. निघाल्या म्हणजे निघायच्या खटपटीला लागल्या. ओट्यापासून दारापर्यंत चार शिलाई मशीनं दाटीवाटीने उभी होती, पॅसेजमध्ये आणखी दोन, त्यांच्या डोक्यावर सोफ्याच्या उशा आणि उशांवर टेबलफॅन. खुद्द सोफा झोपायच्या खोलीत उभा करून ठेवला होता, त्यामुळे कपाटाचं दार वीतभरच उघडत होतं आणि मास्तर तीन दिवस हाताला लागेल तो शर्ट घालत होते. एवढा सगळा खटाटोप करून घरात मोकळी जागा काय ती दिवाणखान्यात. तिथे मधोमध पेंटर रोलर धरून उभा होता आणि त्याच्यासमोर नुकती रंगवलेली, ओली भिंत.

रंगाचं नाव होतं 'कोवळा ताग'. पांढऱ्यापासून तपकिरीपर्यंतच्या वाटेवर रंगकंपनीने बेचाळीस ठिकाणी मुक्काम केला होता आणि मास्तरांनी तीन आठवडे प्रत्येक मुक्कामाला उतरून चौकशी केली होती. त्यांना हवा होता उबदार, पण अंगावर न येणारा रंग. पडदे तांबूस, सोफा शेवाळी, दार मधासारखं. ह्या तिघांशी ज्याचं पटेल आणि तिघांपैकी कोणाचीही जो बाजू घेणार नाही, असा. घरात असा माणूस मिळणं कठीण, तिथे भिंत मिळायची होती.

"वाळू तरी द्या," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि लक्षात आहे ना? सोमवारी दहा."

लक्षात नसायला झालंय काय! सोमवारी सकाळी दहा वाजता ह्याच दिवाणखान्यात मास्तरीणबाईंचा शिवणवर्ग सुरू व्हायचा होता. तो गेली सहा वर्षं सुरू व्हायचा होता. दर वर्षी मास्तर म्हणत, "आधी भिंतींना रंग होऊ दे," आणि दर वर्षी रंग ठरत नसे. ह्या वेळी बाईंनी गाडं उलटं हाकलं. आधी अकराजणींची नावं लिहून घेतली, मग मशीनं आणून ठेवली आणि सगळ्यात शेवटी नवऱ्याला सांगितलं. "सोमवारी दहाला बायका येणार. रंग झाला असेल तर रंगात बसतील, नसेल तर प्लास्टरात. पण ह्या वेळी मी तारीख हलवणार नाही. सातव्यांदा हलवली तर त्या हसतील, आणि त्यांच्याआधी मीच हसेन."

शेडमास्तर म्हणजे कुठल्या शाळेचे मास्तर नव्हेत. एका कापड गिरणीच्या रंगखात्यात त्यांनी बत्तीस वर्षं शेड तपासल्या होत्या, म्हणून शेडमास्तर. रंगवलेल्या ठाणाचा तुकडा आला की ते उत्तरेच्या खिडकीशी जात, मनात तीनपर्यंत मोजत आणि म्हणत, "पास," नाहीतर "नापास." मधल्या तीन अंकांत कोणी अवाक्षर काढायचं नाही. एका नव्या केमिस्टने एकदा दुसऱ्या अंकाला "मला वाटतं..." एवढंच म्हटलं होतं. त्याला काय वाटत होतं ते गिरणीला कधीच कळलं नाही. 'दुसऱ्याचं मत कानात गेलं की आपला डोळा नासतो,' हा मास्तरांचा सिद्धांत. निवृत्तीनंतर चार वर्षांपूर्वी तो सिद्धांत घरी राहायला आला. पेंटरलाही त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "रंग लावायचा. मत द्यायचं नाही."

"मला काय," पेंटर म्हणाला होता, "मी रोलर."

दीड महिन्यापूर्वी मास्तरांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डाव्याची पाळी दोन महिन्यांनी यायची होती. नव्या भिंगाने उजवा डोळा लांबचं असं लख्ख बघू लागला की समोरच्या इमारतीवर बसलेल्या कबुतराचं एक पाऊल वाकडं आहे, हेही मास्तरांनी घरात जाहीर केलं होतं. जवळचं वाचायचं असलं तर डावा डोळा होताच. दोघांनी कामं वाटून घेतली होती. एकूण डोळ्यांच्या बाबतीत आपण तरुण झालो आहोत असं मास्तरांचं मत होतं, आणि ह्या घरात तेवढंच एक मत चालत असे.

तर भिंत वाळली. मास्तर दारात जाऊन उभे राहिले. थंड. निळसर झाक. ते भिंतीजवळ गेले, नाक टेकेल इतके जवळ. छान, उबदार, अगदी ताग. परत दारात आले. थंड.

"जवळ गेलं की बरी वाटते, लांब आलं की बदलते," ते म्हणाले.

पेंटरने तोंड उघडलं.

"मत नको," मास्तर म्हणाले.

पेंटरने तोंड मिटलं आणि बिडी ओढायला जिन्यात गेला.

गुरुवारी 'कोवळा ताग' रद्द होऊन त्याच्यापेक्षा तीन मुक्काम पुढची 'जुनी लोकर' आली. ती दुसऱ्या भिंतीवर लागली, वाळली. मास्तर दारात गेले. थंड. आता मात्र त्यांना संशय आला, आणि शेडमास्तरांना संशय आला की तो कधी स्वतःवर येत नसे. लोकरीचा एक हात पुठ्ठ्यावर मारून त्यांनी पुठ्ठा वाळवला आणि तडक रंगाचं दुकान गाठलं.

दुकानातल्या बाई रंग मिसळायच्या मशीनमागे बसून हिशेबाच्या वहीत फूल काढत होत्या.

"तुमच्या मशीनमधली निळ्याची नळी गळतेय," मास्तर म्हणाले.

"कालच तपासली."

"मग माझी भिंत निळी कशी?"

"निळी झालीय?"

"निळसर. थंड."

"पुठ्ठा आणलाय ना? धरा कार्डाशेजारी. तुमचा डोळा, तुमचा निकाल. मी बोलतच नाही."

मास्तरांनी पुठ्ठा नि शेडकार्ड डोळ्यांसमोर धरलं. एक, दोन, तीन. तंतोतंत. उबदार म्हणजे इतकी उबदार की पांघरून घ्यावी.

"पास?" बाईंनी विचारलं.

"रंग पास," मास्तर नाइलाजाने म्हणाले. "म्हणजे भिंत खोटी आहे."

भिंतीवर अकरा वर्षं फिकट आकाशी रंग होता. तोच आतून वर येतोय, असा निष्कर्ष त्यांनी वाटेत काढला आणि घरी येऊन पेंटरला सुनावला.

"मास्तर, मी मत देत नाही," पेंटर म्हणाला. "पण माहिती देऊ का? वरून प्रायमरचे दोन हात दिलेत."

"माहितीच्या वेषात मत आणू नका."

संध्याकाळी घरातले सगळे दिवे बदलले गेले. पांढरे काढून पिवळे लावले, मग पिवळे काढून परत पांढरे. 'उन्हातली वाळू' नावाचा, लोकरीहून चार मुक्काम पुढचा डबा आला. मास्तरीणबाई एका मशीनवर पोळपाटासारखी फळी ठेवून उशांचे अभ्रे कातरत बसल्या होत्या. त्यांनी फक्त बोटं मोजली. शुक्रवार, शनिवार, रविवार.

शुक्रवारी दुपारी तिसऱ्या भिंतीवर 'उन्हातली वाळू' वाळली आणि मास्तरांनी नवी कल्पना काढली. दारातून नीट अंदाज येत नाही, आणखी लांबून बघायला हवं. आधी ते पॅसेजमध्ये गेले, मशीनांच्या मध्ये. मग जिन्यात. मग त्यांच्या लक्षात आलं की समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून आपल्या दिवाणखान्याची खिडकी सरळ दिसते. तिथे दातांचा दवाखाना होता.

"तू भिंतीशी पडदा धरून उभी राहा," ते बायकोला म्हणाले. "मी तिकडून फोन करतो. भिंत एकटी बघून चालत नाही, जोडी बघावी लागते."

"अहो, अख्खा पडदा? किती वेळ?"

"एक, दोन, तीन."

दवाखान्यात खिडकीशेजारची खुर्ची रिकामी होती. मास्तर तिच्यात बसले.

"दाढ की दात?" टेबलामागच्या मुलीने विचारलं.

"भिंत."

"नाव घातल्याशिवाय बसता येणार नाही, काका."

"मग घाला नाव," म्हणून मास्तरांनी फोन लावला. समोर त्यांच्याच घरात बाई दोन्ही हात वर करून, फोन खांद्यात दाबून, तांबूस पडदा भिंतीशी धरून उभ्या होत्या. शेजारी पेंटर पडद्याचं दुसरं टोक धरून होता.

"थोडी डावीकडे सरक. तुझी डावी. नाही, भिंतीची डावी."

"भिंतीला डावी असते का हो?" फोनमधून आवाज आला. "हात गळून पडतील माझे. मग सोमवारी शिवू कशाने?"

"थंडच दिसतेय गं. पडदा पेटलाय आणि भिंत विझलीय."

"नंबर सात!" टेबलामागची मुलगी ओरडली. "काका, तुम्हीच."

"मी फक्त..." म्हणेपर्यंत मास्तरांना आत नेऊन खुर्चीत आडवं केलं होतं. दंतवैद्य तरुण होता आणि घाईत होता.

"कुठे दुखतंय?"

"तिकडे," मास्तरांनी खिडकीकडे बोट केलं. एवढं सगळं झाल्यावर सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दंतवैद्याने खिडकीतून वाकून पाहिलं, मग खणातून दातांच्या शेडची पट्टी काढली. छोटे छोटे सोळा दात ओळीने. त्यातला एक त्याने एक डोळा मिटून खिडकीसमोर धरला.

"हा. ए-तीन. बरीच वर्षं चहा पिणाऱ्या माणसाचा दात. पिवळटच म्हणायचा, पण छान आहे. तुमच्या घरी कोणीतरी हात वर करून उभं आहे. ओळखीचे आहेत का?"

मास्तर ताडकन उठले. मत! परक्या माणसाचं, न मागितलेलं, सरळ कानात! ते घरी आले आणि पहिल्यांदा त्यांनी कान धुतले.

"काय म्हणाला?" मास्तरीणबाईंनी खांदे चोळत विचारलं.

"दातांतलं कळतं त्याला. दातांच्या शेडची पट्टी धरून म्हणतो पिवळट."

बाईंनी पेंटरकडे पाहिलं. पेंटरने छताकडे पाहिलं. दोघांनीही बंदी पाळली. ह्या घरातली शिस्तच अशी कडक की घरमालकाच्या डोळ्यांदेखत भिंत पिवळी होत गेली आणि एकही माणूस बोलला नाही.

शनिवारी सकाळी मास्तरांनी अखेरचा घाव घातला. जुना आकाशी मुळापासून खरवडायचा. चौथी, खिडकीची भिंत अजून कोरी होती, तिच्यापासून सुरुवात. आणि वर लावायला 'वाळवंटातली दुपार', शेडकार्डाचं शेवटून दुसरं घर. वीस लिटर. फोनवर दुकानातल्या बाई म्हणाल्या, "एकदा मिसळला की परत घेत नाही हं, मास्तर. दुपारी बारा वाजता मशीन लावते."

"लावा."

"नक्की?"

"बत्तीस वर्षं नक्कीच म्हणत आलोय."

पेंटरने पत्रा घेऊन भिंत खरवडायला घेतली. घरभर पांढरा धुरळा उडाला. मशीनांवर टाकलेल्या चादरींवर, चादरींखालच्या मशीनांवर, चहात, मास्तरीणबाईंच्या केसांत.

"आज शनिवार आहे," त्या खोकत म्हणाल्या. दुसरं काही म्हणायची त्यांची ताकद उरली नव्हती. "पेंटरभाऊ, तुम्ही रविवार संध्याकाळपर्यंतच आहात ना?"

"सोमवारी दुसरं काम घेतलंय, वहिनी. दोन खोल्या. माणूस म्हणतो, पांढरा लावा आणि जा. अशी माणसंही असतात जगात."

तेवढ्यात धुरळ्याचा एक कण मास्तरांच्या डाव्या डोळ्यात गेला. "अगं आई गं," करत त्यांनी त्या डोळ्यावर रुमाल दाबला आणि उजवा डोळा उघडा ठेवून, हातातलं शेडकार्ड सांभाळत, भिंतीला टेकले. कार्ड डोळ्यांसमोरच होतं. अक्षरं पुसट, पण रंग दिसत होते.

'कोवळा ताग' थंड होता.

कार्डावर! हातात! तीन आठवडे जो हातात उबदार होता तो! मास्तरांनी पाणी आणवलं, डोळा धुतला, रुमाल उजव्या डोळ्यावर नेला. ताग उबदार. रुमाल डावीकडे. थंड. उजवीकडे. उबदार. मग ते भिंतीकडे वळले आणि एकाच भिंतीच्या दोन भिंती करून पाहिल्या. डावीकडून ऊन पडलेलं, उजवीकडून ढग आलेले. पेंटर पत्रा हातात धरून बघत राहिला. एक माणूस भिंतीला डोळे मिचकावत होता.

मास्तर खिडकीत गेले आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, तुम्ही बसवलेलं भिंग निळं आहे का?"

"भिंग काचेसारखं स्वच्छ आहे. का?"

"मला उजव्याने सगळं थंड दिसतंय."

"थंड नाही, खरं दिसतंय. डावा पिवळा आहे अजून. मोतीबिंदू पिकतो तेव्हा तसंच होतं. दुसरा काढला की जोडी जमेल."

"किती वर्षं पिवळा असेल?"

"हळूहळू होतं ते. कळत नाही माणसाला. आठ-दहा वर्षं धरा."

मास्तरांनी फोन ठेवला आणि दहातून चार वजा केले. नोकरीची शेवटची सहा वर्षं! त्याच सहा वर्षांत पांढऱ्या चादरींचा लॉटच्या लॉट त्यांनी "पिवळट, नापास" म्हणून परत पाठवला होता आणि रंगखात्याने प्रत्येक वेळी थोडी आणखी नीळ घातली होती. एका गिऱ्हाइकाची तक्रारही आली होती, की तुमच्या पांढऱ्या चादरी निळ्या असतात. मास्तरांनी तक्रार खिडकीशी नेली, तीनपर्यंत मोजलं आणि तक्रारीलाच नापास केलं. तो केमिस्ट! त्याला जे वाटत होतं, ते काय वाटत होतं, हे आता मास्तरांना स्वच्छ कळलं.

घड्याळात पावणेबारा झाले होते.

"बाई, मशीन थांबवा!" त्यांनी दुकानात फोन केला.

"लावलंच नाही अजून," दुकानातल्या बाई म्हणाल्या. "म्हटलं, फोन येईल. तुमची वाट बघत होते."

आता घोडं पुढे अडलं. तीन भिंतींवर तीन रंग, चौथी अर्धी सोललेली. कोणता ठेवायचा? डाव्याला विचारावं तर तो पिवळा, उजव्याला विचारावं तर त्याची नोकरी दीड महिन्याची. शेवटी मास्तरांनी बायकोला हाक मारली, तिला नि पेंटरला डोळ्यांची सगळी हकिगत सांगितली, आणि घसा खाकरून, चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा विचारलं:

"तुला कोणता चांगला वाटतो?"

मास्तरीणबाईंनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"मला विचारताय?"

"तुलाच."

"रंगाचं?"

"रंगाचंच गं."

"पहिला," त्या फाडकन म्हणाल्या. "ताग. बुधवारीच सांगणार होते. दुसरा मळका दिसतो, तिसरा तर त्या दंतवैद्याच्या पट्टीतलाच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर कान धुतले असतेत."

पेंटरने सुटकेचा निःश्वास टाकला. "वहिनी, तागाचा डबा अर्धा शिल्लक आहे. आत्ता चौथ्या भिंतीचे खड्डे लांबीने भरतो, उद्या दोन्ही हात मारतो. उद्या पाचला मी मोकळा, तुम्ही मोकळ्या, बायका सोमवारी दहाला." त्याने झाकण उचकटलं, रोलर बुडवला आणि लोकर लागलेल्या भिंतीकडे निघाला.

"थांबा हं जरा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

रोलर हवेत थांबला.

"ताग चांगलाच आहे. प्रश्नच नाही. पण..." त्यांनी मास्तरांच्या हातून शेडकार्ड घेतलं. "आत्तापर्यंत मी भिंत बघत कुठे होते? संपतेय कधी, एवढंच बघत होते. आता बघते तर... हा तागाशेजारचा कोणता?"

"साय," मास्तर म्हणाले.

"हा बघितलाच नाही आपण."

"मी बघितला. पाच दिवस बघितला."

"पिवळ्या डोळ्याने ना?"

बाई कार्ड घेऊन खिडकीशी गेल्या. मग पॅसेजमधून एक मशीन ढकलत आणलं आणि भिंतीशी लावलं. काळं मशीन, तागाची भिंत. मग दुसरं. मग पेंटरला सांगून सोफा झोपायच्या खोलीतून काढायला लावला, आणि तो दारात अडकला. सोफा अर्धा आत, अर्धा बाहेर, मास्तर आतल्या बाजूला. कपाटाचं दार मात्र पाच दिवसांनी पूर्ण उघडलं, म्हणून मास्तरांनी तेवढ्यात शर्ट बदलून घेतला.

रविवारी दुपारी एक वाजता दिवाणखान्यात सहा मशीनं, मोकळा झालेला सोफा, दोन पडदे, तागाचा डबा, सायीचा छोटा डबा आणि भिंतीवर दोऱ्याची अकरा रिळं चिकटपट्टीने लावलेली, असा सगळा संसार मांडला होता. मास्तरीणबाई दारात जाऊन बघत होत्या, मग पॅसेजमध्ये, मग जिन्यात.

"अगं, उद्या दहाला..." मास्तर चाचरत म्हणाले.

"माहितीये मला. त्या येणार, शिवणार, जाणार. भिंतीकडे रोज कोण बघणार? मी. आणि कापड कापायचं म्हणजे मागची भिंत खरी हवी. कापडावर झाक मारता कामा नये. तुम्हाला नाही कळायचं ते."

बत्तीस वर्षं हेच वाक्य मास्तरांनी इतरांना ऐकवलं होतं. आज ते समोरून येताना त्यांना दिसलं आणि त्यांनी वाट सोडली.

"वहिनी," पेंटर म्हणाला, "मी मत देत नाही..."

"द्या ना! दोघांतला कोणता?"

पेंटर दचकला. चाळीस वर्षांच्या धंद्यात असं त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याने तागाकडे पाहिलं, सायीकडे पाहिलं, डोक्यावरची कागदी टोपी काढली. "तसं बघायला गेलं," तो सावकाश म्हणाला, "तर दोघांच्या मधला एक होईल. अर्धा डबा हा, पाव तो. थोडा करून बघू?"

"करा!"

मग बाई नवऱ्याकडे वळल्या. आवाज एकदम मऊ. "अहो, एक काम कराल? अकराजणींना फोन करा. म्हणावं, सोमवारऐवजी गुरुवार."

"मी?"

"मी कोणत्या तोंडाने करू? तारीख हलवणार नाही म्हणून मीच सांगितलंय सगळ्यांना."

मास्तर यादी घेऊन स्वयंपाकघरात बसले. पहिलीने विचारलं, "काय झालं हो?" मास्तरांनी दारातून बाहेर पाहिलं. बाई भिंतीसमोर उकिडव्या बसून एका बोटाने रंग लावत होत्या, पेंटर शेजारी वाटीत रंग ढवळत होता. सहा वर्षांत त्यांना एवढं रमलेलं मास्तरांनी पाहिलं नव्हतं.

"रंगाचं," ते म्हणाले. "माझंच जरा ठरत नाहीये."

"मास्तर, बाईंचा किती जीव खाल? किती वर्षं वाट बघतायत बिचाऱ्या!"

"हो. खरं आहे."

दुसरीने तेच सुनावलं, तिसरीने जरा लांबण लावून. पाचवी म्हणाली, तुमच्यासारखा नवरा असता तर मी माहेरी गेले असते. मास्तरांनी अकराच्या अकरा बोलणी मान खाली घालून खाल्ली, एकदाही कोणाला मध्येच तोडलं नाही. बाहेर जिन्यात पेंटर आपल्या सोमवारच्या गिऱ्हाइकाला फोनवर सांगत होता, "नाही, पांढरा म्हणालात ते बरोबर आहे. पण कोणता पांढरा, ह्याचा विचार केलाय का तुम्ही?"

अकरावा फोन ठेवून मास्तर बाहेर आले. भिंतीवर हातभर उंचीवर सात ठिपके झाले होते.

"बरं झालं आलात," मास्तरीणबाई म्हणाल्या. "इथे उभे राहा. हा चौथा ठिपका. उजवा झाका आणि डाव्याने सांगा."

मास्तरांनी सांगितलं.

"आता उजव्याने."

मास्तरांनी तेही सांगितलं.

बाईंनी हनुवटीवर बोट ठेवून थोडा विचार केला. हनुवटीवर रंग लागला.

"आणि दोन्ही उघडे ठेवून?"